आधी फळाचा पत्ता, मग कात्री

गोंदिया जिल्ह्यात छाटणी शिकवायला जाणं म्हणजे धाडसच. फेब्रुवारी-मार्चात इथल्या रानात तेंदूची खुटकटाई होते. तेंदूची झुडपं जमिनीलगत साफ कापली जातात आणि साधारण दीड महिन्यात त्याच खुंटांतून मोठी, लवचीक, बिडी वळताना न चिरणारी पानं फुटतात. न कापलेल्या झुडपाचं पान जाड आणि खरखरीत, बिडीला नालायक. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीमागे ७० हजार पानं, आणि त्यांतली बरीचशी कुऱ्हाडीच्या कृपेनं आलेली.

पण हेच जाणते हात घरी आले की सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, आंब्यापुढे जोडले जातात. "फळाचं झाड आहे, त्याला लोखंड लावू नये." मग आंबा कौलांवर चढतो, बिहीच्या म्हणजे पेरूच्या फांद्या एकमेकींत गुंततात, लिंबात हात घालायची सोय राहत नाही आणि शेंड्यावरची सगळी फळं माकडांच्या मालकीची होतात.

रानात जे कळतं ते घरी का कळू नये? रानात माल कुठे येतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. घरच्या झाडाला मात्र कुणी विचारतच नाही की बाबा रे, तुला फळ लागतं कुठे? यंदाच्या फुटीवर, पक्व शेंड्यावर, की थेट खोडावर? हा पत्ता कळला की कुठे कापायचं तेही सुटतं आणि कुठलं झाड कुठल्या कोपऱ्यात लावायचं तेही. पुढची सगळी गंमत या पत्त्यांची.

पळसाची हजामत, ग्रामोफोनची तबकडी

लाखेचा किडा कोवळ्या फांदीतच सोंड खुपसू शकतो. जून लाकूड त्याच्या कामाचं नाही. म्हणून लाख घेणारे शेतकरी धुऱ्यावरच्या पळसाची आधी छाटणी करतात आणि नवी फूट आली की तिच्यावर बीजलाखेच्या काड्या बांधतात. वेळापत्रक ठरलेलं आहे. पावसाळी म्हणजे कतकी पिकासाठी फेब्रुवारीत छाटायचं आणि जून-जुलैत किडा सोडायचा. वैशाखी पिकासाठी एप्रिलमध्ये छाटायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोडायचा. कुसुमाचं झाड मात्र सावकाश. छाटल्यावर त्याची फूट किड्याजोगी व्हायला दीडेक वर्ष जातं, पण त्यावरची कुसुमी लाख सगळ्यांत सरस मानतात. प्लॅस्टिकच्या तबकड्या येण्याआधी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या याच लाखेपासून बनत. म्हणजे एकेकाळी जगानं ऐकलेल्या बऱ्याच गाण्यांच्या मुळाशी कुठल्या तरी धुऱ्यावरची छाटणी होती. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था १९२४ पासून आहे.

कोसा काढणारे धिवरही याच वाटेचे. ऐन आणि अर्जुनाची झाडं छाटून बुटकी ठेवली की पाला कोवळा मिळतो, अळ्यांवर नजर राहते आणि पक्षी हाकता येतात. नाल्याकाठी मोकळा सोडला तर साठ-सत्तर फूट सहज जाणारा अर्जुन कोशाच्या वनात माणसाच्या आवाक्यात राहतो. मग घरचा आंबा शिडीवाचून हाती का लागू नये?

खिळा जागचा हलत नाही

झाड वाढलं की खोडावर ठोकलेला खिळा वर सरकतो, असं पुष्कळांना वाटतं. सरकत नाही. उंची फक्त शेंड्यांना वाढते. खोड नुसतं जाड होतं. तीन फुटांवर फुटलेली फांदी पन्नास वर्षांनीही तीन फुटांवरच असते. म्हणून झाडाला वळण द्यायचं ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच. नंतर फक्त दुरुस्ती.

गोठ्याजवळ झाड लावणार असाल, तर शेळी मागच्या पायांवर उभी राहून जिथवर पोचते त्याच्या वर पहिली फांदी ठेवा. शेळी नसेल तर अडीच-तीन फुटांवर चालेल. चार दिशांना तीन-चार फांद्या, एकमेकींपासून वीतभर खाली-वर. एकाच जागेवरून फुटलेल्या दोन सारख्या जाडीच्या फांद्या शोभून दिसतात, पण त्यांच्या बेचक्यात साल अडकलेली असते आणि फळ भरून आलेल्या वर्षी वादळात झाड नेमकं तिथेच उभं चिरतं. त्यांतल्या एकीला लहानपणीच रजा द्यावी.

शेंड्याची दादागिरी

शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात, हे तुळस लावणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. कारण शोधायला मात्र शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. १९३० च्या दशकात थिमन आणि स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापला आणि कापलेल्या जागी ऑक्झिन नावाचं संप्रेरक लावलं. बाजूचे डोळे मुकाट बसून राहिले. निष्कर्ष निघाला की शेंडा वरून ऑक्झिन पाठवतो आणि खालच्यांना गप्प बसवतो. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत हेच छापलं गेलं. मग २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर प्रयोग केले, तर शेंडा कापल्यावर ऑक्झिन कमी होण्याच्या आधीच खालचे डोळे हलायला लागलेले दिसले. त्यांना मिळाली होती साखर. शेंड्याकडे चाललेली साखर शेंडाच उरला नाही म्हणून डोळ्यांकडे वळली. थोडक्यात, शेंडा नुसता हुकूम सोडत नाही, खाऊही एकटाच खातो.

कापायला हात धजत नसेल तर वाकवा. फांदी आडवी केली की तिच्या टोकाची मिजास उतरते आणि पाठीवरचे डोळे जागे होतात. बंगालमध्ये पेरूच्या फांद्या वाकवून दोरीनं बांधतात, टोकाची थोडी पानं ठेवून बाकीची खुडतात, आणि फांदीभर फूट येते ती फुलं घेऊनच. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईसाठी व्हर्सायला १६७८ ते १६८३ या काळात खास फळा-भाज्यांची बाग उभारली गेली. तिथे नासपती आणि सफरचंदाची झाडं भिंतीला चिकटवून, हात पसरल्यागत आडवी वाढवतात. राजाची हौस वाटते खरी, पण ज्याच्या अंगणात तीन फुटांचीच पट्टी आहे त्याच्या कामाची युक्ती आहे. लिंबू, पेरू, अंजीर कुंपणाच्या तारेवर असे बसवता येतात.

बिही: नाव लखनौचं, जन्म पुण्याचा

पेरूला आपल्याकडे बिही म्हणतात, आणि घराजवळच्या जागेला याच्याइतकं सोयीचं फळझाड दुसरं नाही. रोपवाटिकेत जिची सर्वाधिक विचारणा होते ती लखनौ-४९ ऊर्फ सरदार ही जात लखनौची नाहीच. पुण्याच्या गणेशखिंड इथल्या फळसंशोधन केंद्रात १९२७ साली अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून ती निवडली गेली.

बिहीचा पत्ता सोपा: फूल येतं ते नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. कापाल तेवढी फूट, फूट तेवढी फुलं. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनं हा हिशेब टोकाला नेला. दोन मीटर बाय एक मीटरवर झाडं लावायची, लावल्यावर काही महिन्यांत साठ-सत्तर सेंटिमीटरवर शेंडा मारायचा आणि पुढे सतत कात्री चालू ठेवायची. हेक्टरी ५,००० झाडं आणि माणसाच्या डोक्याच्या वर एकही नाही! घरी एवढं करायची गरज नाही, पण यावरून दोन गोष्टी कळतात. एक, बिहीला जागा कमी लागते. दोन, बिही छाटायला घाबरणाऱ्या माणसाला भीतीसाठी दुसरं झाड शोधावं लागेल.

शिवाय बहार आपल्या हातात असतो. पावसाळी फळ पाणचट आणि अळ्यांचं. हिवाळी फळ गोड. मे महिन्यात फांद्यांचे शेंडे छाटले तर पावसाळ्याची फुलं जातात आणि पुढची फूट हिवाळ्याचं फळ देते. जुलैतली किडकी बिही पोरांना खाऊ घालण्यापेक्षा हा सौदा चांगला.

सीताफळाचा लपलेला डोळा

सीताफळाचं पान तोडून देठाच्या बुडाशी पाहा. देठ तिथे पोकळ टोपीगत असतो आणि त्या टोपीखाली पुढच्या फुटीचा डोळा दडलेला असतो. पान गळल्याशिवाय डोळ्याला बाहेर पडायला वाटच नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर सीताफळ उघडं-बोडकं झालं की घाबरायचं कारण नाही; ती पुढच्या हंगामाची दारं उघडली. काही बागाईतदार तर हातानं पानं ओरबाडून ही वेळ पुढे ओढतात.

याच्या फुलाची तऱ्हा आणखी न्यारी. तेच फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं. परागकण तयार होईतो स्त्रीकेसर सुकायला लागलेले असतात. मदतीला येतात ते इवलेसे भुंगेरे, मधमाश्या नव्हेत. भुंगेरे कमी तर फळ वाकडंतिकडं. एका फुलातले पराग बारीक कुंचल्यानं दुसऱ्या, नुकत्या उमलू लागलेल्या फुलाला सकाळी लावले, तर फळ गोल आणि भरलेलं येतं. रिकामटेकड्यांचं काम वाटेल, पण अंगणात दोनच झाडं असतील तर रोज चहा उकळेपर्यंत उरकतं.

बोर आणि शेवगा: बेलाशक कापा

बोर उन्हाळ्यात झोपते, आणि झोपेतच तिची छाटणी करायची: एप्रिल-मे. फळ नव्या फुटीवर येत असल्यानं दरवर्षी कापली नाही तर बोरं लहान होत जातात आणि काटे तेवढे वाढतात. धुऱ्यावर गावठी बोर असेल तर उन्हाळ्यात ती बुडातून कापावी आणि पावसाच्या सुरुवातीला नव्या धुमाऱ्यावर उमराण जातीचा डोळा भरावा. जुनी मुळं तयारच असल्यानं फळ लवकर लागतं. आणि फळाचा कंटाळा आला तर पळसावरच्या रंगीनी लाखेला बोरही चालते.

शेवग्याची 'पीकेएम-१' ही जात तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची. रोप अडीच फुटांवर आलं की शेंडा मारायचा, आणि शेंगांचा हंगाम सरला की तीन फुटांवर सरळ कापून टाकायचं. शेवगा दारात लावू नये म्हणतात. लाकूड इतकं ठिसूळ की माणूस चढला की फांदीसकट खाली, म्हणून असेल. झाड कंबरेएवढं ठेवलं तर चढायचा प्रश्नच येत नाही.

आंबा: सगळा खेळ तारखेचा

इथे कात्री जपून. आंब्याचा मोहोर पक्व शेंड्याच्या टोकाला येतो, आणि शेंडा पक्व व्हायला काही महिने जावे लागतात. डिसेंबरात "जरा नीटनेटकं करू" म्हणून शेंडे उडवले की त्या वर्षीचा मोहोर कात्रीसोबत गेला. मग कापायचं कधी? फळं उतरली की लगेच, जून महिन्यात, म्हणजे पावसाळ्यात फूट येईल आणि थंडीपर्यंत ती जून होईल. पण अडचण अशी की पाऊस लागला की अख्खा जिल्हा पऱ्हे आणि रोवणीच्या मागे चिखलात उभा असतो. रोवणीनंतर आंबा आठवतो आणि तोवर उशीर झालेला असतो. मृगाचा पाऊस पडायच्या आत एक सकाळ काढता आली तर काढावी. काढायचं तरी किती? मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन पोचेल असं करायचं, वाळकं आणि एकमेकींवर घासणारं काढायचं, बस.

निवडीतच काम हलकं होऊ शकतं. 'आम्रपाली' ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९७१ मध्ये दिलेली जात, दशहरी आणि नीलमची लेक. बुटकी, दरवर्षी फळणारी, अडीच-अडीच मीटरवर मावणारी. फळ उशिरा तयार होतं, त्यामुळे शेवटची खेप आपल्याकडे पावसात सापडते हे मात्र धरून चालावं. लोणच्यासाठी गावरान आंबा हवाच असेल तर कोयीचा लावा, पण मायझाडासारखंच फळ येईल अशी आशा नको. उत्तर आणि मध्य भारतातल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, तो दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून आलेला. किनारपट्टीच्या काही जातींच्या एका कोयीतून तीन-चार रोपं निघतात आणि त्यांतली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. आपल्याकडे मात्र कोय म्हणजे सोडत.

फणस खोडावर, मोह शेंड्यावर

एकाच अंगणात ही दोघं असतील तर छाटणीचे दोन उलटे नियम लागतात. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतो. वरचा पसारा कापून झाड खुजं ठेवलं तरी फळाला धक्का नाही. उलट झाडावर लागणाऱ्या फळांत जगातलं सर्वांत मोठं फळ हाताच्या उंचीवर मिळतं. फक्त खोड 'साफ' करायच्या नादात जुन्या देठांच्या गाठी तासू नका, पुढचा फणस बहुधा तिथूनच डोकावतो.

मोहाचे फुलांचे झुपके फांदीच्या टोकाशी. शेंडे छाटले की मार्च-एप्रिलची पहाट कोरडी. तसाही मोह घराजवळच्या जागेचा नाहीच. बी लावल्यापासून फुलायला आठ-दहा वर्षं सहज आणि वाढ डोंगराएवढी. लावायचा तर वावराच्या कडेला, आणि मग त्याला त्याच्या मनासारखं वाढू द्यावं.

आवळ्याची उन्हाळी झोप

आवळा मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, फळ धरतं, आणि मग महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. झाड वांझ नाही. फलधारणा झालेला इवला गर्भ कडक उन्हाळाभर झोपून राहतो आणि पावसाळ्यात जागा होऊन फुगायला लागतो. गोंदियाचा मे महिना पाहता त्याची अक्कल मानली पाहिजे.

आवळ्याचं ज्याला आपण पान समजतो ती खरं तर बारीक पानांची अख्खी डहाळी असते. गळताना ती सगळीच्या सगळी गळते. एकटा आवळा अनेकदा फळाला रुसतो, म्हणून दोन वेगळ्या जातींची दोन झाडं लावावीत. एक आपल्याकडे, एक शेजाऱ्याच्या सांदवाडीत, हेही चालतं. मधमाशीला सातबारा कळत नाही.

पाणसोट आणि सल

नागपुरी संत्र्याच्या बागेतले हे दोन शब्द घरच्या लिंबासाठी पुरेसे आहेत. पाणसोट म्हणजे खोडातून सरळसोट वर जाणारी, मोठ्या पानांची, काटेरी, गुबगुबीत फांदी. खाते भरपूर, फळ देत नाही. सल म्हणजे वाळकी काडी. पाणसोट कोवळे असतानाच हातानं मोडावेत आणि सल पावसाआधी काढावी. झालं लिंबू.

त्याहून जपायचा तो कलमाचा सांधा. लिंबू-संत्र्याची कलमं बरेचदा जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात. सांध्याखालून फूट आली की ती जंबेरीची, आणि ती आपल्या कलमापेक्षा दांडगी. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं की वरचं कलम वाळून जातं आणि अंगणात उरतं जाड सालीचं, बियांचं जंबेरी. मग रोपवाटिकेवाल्याला शिव्या. सांधा मातीत गाडू नये, आणि रोप घेतानाच तो कुठे आहे ते बोटानं चाचपून घ्यावं. काट्यांचा तिटकारा असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'पीडीकेव्ही चक्रधर' ही कागदी लिंबाची जात बिनकाट्यांची आणि बिनबियांची आहे.

गोडलिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, मात्र दोन वाक्यं पुरतात. फुलं येताच खुडावीत, म्हणजे पाला जोमात राहतो. आणि मुळाला कुदळ लागली की तिथून नवं रोप उगवतं, ते उपटून शेजारणीला द्यावं.

किती कापलं यापेक्षा कुठे कापलं

अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून पाहिली. त्यांना दिसलं की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड सडक्या भागाभोवती भिंती बांधतं आणि तो भाग कायमचा आत कोंडून टाकतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ही भिंत बांधणारे गवंडी त्या कड्यात राहतात. कडं खोडासोबत छिलून टाकलं की गवंडीच गेले. वीतभर खुंट सोडला तर तो वाळून वाळवीला आणि बुरशीला वाट देतो. म्हणून काप कड्याला लागून, पण कड्याच्या बाहेर.

जड फांदीला तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून, तिसरा हिस्सा. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी इथे पडते आणि साल खालपर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट मग निवांत कड्याजवळ. कुऱ्हाडीनं हे जमत नाही. करवत घ्या. बोटाएवढ्या फांदीला सिकेटर पुरे.

जखमेवर डांबर, रंग वगैरे फासण्याचा काही उपयोग नाही, असं शायगो यांचं ठाम म्हणणं. पण लिंबू-संत्र्याच्या बाबतीत, आणि पावसाळा दमदार असलेल्या आपल्या भागात, मी बोर्डो मलमाच्या बाजूचा आहे, कारण ते जखम झाकत नाही, बुरशी मारतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगळं विरघळवायचं आणि लोखंडी भांडं टाळायचं. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून पाहावं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. या औषधाचा जन्म चोरांमुळे झाला. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून नेत, म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळसर पाणी मारत. वेली विषारी दिसाव्यात एवढाच हेतू. १८८० च्या दशकात रोगानं मळे झोपले तेव्हा रस्त्याकडेच्या या वेली हिरव्या राहिल्या, आणि मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ते लक्षात आलं.

चिकट बी आणि फुलटोच्या

आंब्यावर वेगळ्याच पानांचा, नळकांडीसारख्या शेंदरी फुलांचा झुबका दिसतोय? बांडगूळ. त्याचं फळ खातो फुलटोच्या, आपल्या पक्ष्यांतला अगदी चिमुकला. बी इतकं चिकट असतं की शरीरातून बाहेर पडतानाही सुटत नाही. पक्षी बूड फांदीवर घासतो आणि बी नेमकं फांदीला चिकटतं. पेरणीयंत्र म्हणून याहून अचूक काही सापडणार नाही. बांडगुळाचा झुबका नुसता ओढून काढला तर ते आतल्या मुळातून पुन्हा येतं. गाठीच्या हातभर खालून, आंब्याची फांदीच कापावी लागते, आणि तीही बांडगुळाची फळं पिकण्याआधी. नाहीतर फुलटोच्या पुढच्या फांदीवर हजर.

माती आधी, हौस नंतर

जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्याला जमीन विचारली तर तो कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावं सांगेल. झाड निवडताना तीच नावं उपयोगाची. कन्हार काळी, चिकण, पाणी धरून बसणारी. तिथे पपई लावली तर पावसाळ्यात दोन दिवस पाणी साचायचा अवकाश, मुळं कुजली. लावायचीच तर मातीचा गुडघाभर उंचवटा करून त्यावर. बिही आणि जांभूळ पाणथळ थोडं सोसतात. बरडीवर सीताफळ आणि बोर खूश. घर बांधीच्या जागेवर भर घालून उठवलं असेल तर खाली जुना चिखल अजून आहे हे मुळांना कळतं, मालकाला कळत नाही.

रोप घेताना पिशवीच्या बुडाला हात लावून पाहा. मुळं गोल-गोल गुंडाळलेली असतील तर लावतानाच ती मोकळी करून, वेडीवाकडी कापावीत. नाहीतर जमिनीतही ती गोलच फिरत राहतात. रोपाभोवती तणस पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवीला आमंत्रण मिळतं. आणि मोठी छाटणी केली की उघड्या पडलेल्या फांद्यांना चुना फासा. आजवर सावलीत राहिलेली साल गोंदियाच्या मे महिन्यात अक्षरशः भाजून तडकते. रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरू लावतात तो फक्त शोभेचा नाही.

यांना कात्री दाखवू नका

नारळ, सुपारी, शिंदी, झाडून सगळे ताडाचे भाऊबंद. प्रत्येकाला वाढणारा शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं. त्यांच्या खोडात साल-लाकूड नव्यानं बनवणारा थर नसतो, म्हणून खोडावरचा खाचा मरेपर्यंत तसाच उघडा. फक्त वाळलेली झापं काढावीत. केळ तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात झाडच नव्हे.

करवतीआधी कागद

'माझ्या अंगणातला आंबा, माझी मर्जी' हे कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ च्या यादीत सागासोबत आंबा, मोह, चिंच, जांभूळ, फणस, हिरडाही आहेत. ही झाडं खासगी जमिनीवर असली तरी तोडायला परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी झाडांचा कायदा आहे, आणि त्यात झाड 'तोडणं' या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं एवढं सगळं बसतं. म्हणजे गोंदिया किंवा तिरोड्यात मोठी छाटणी करायची तर आधी नगरपरिषदेत विचारलेलं बरं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि पाडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावण्याची अट आली. साठ वर्षांची चिंच म्हणजे साठ रोपं. त्यापेक्षा चार फांद्यांवर भागत असेल तर तेच पाहावं, आणि त्यातही एका वर्षी एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये.